हाक : फक्त मथळ्यांसाठी

शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ते अक्षर सुधारण्यात आलं. ऑफिसात टाळ्या झाल्या, कुणीतरी बिस्किटांचा पुडा फोडला, मॅडम म्हणाल्या, ‘‘चला, एकदाचं सुटलं,’’ आणि सगळे आपापल्या खुर्चीत परत जाऊन बसले. आता असं काही झालंच नाही असं धरून चालू. पुडा बंद आहे, टाळ्या अजून हातांतच आहेत, वार मंगळवार आहे, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली आहेत, आणि तो रस्त्याच्या कडेला मान वर करून उभा आहे, कारण समोरच्या गाद्यांच्या दुकानावर एक माणूस शिडीवर चढून त्याचं अक्षर उलटं करतो आहे.

त्याचं म्हणजे त्याने काढलेलं. सात वर्षांपूर्वी त्याने एक फॉन्ट केला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं ‘हाक’. ऑफिसच्या यादीत त्यापुढे लिहिलेलं असे : जुन्या धाटणीचा, ठळक, ठोकळ्या पायांचा, फक्त मोठ्या मथळ्यांसाठी, चोवीस पॉइंटपेक्षा लहान मापात वापरू नये. हाकमधलं प्रत्येक अक्षर दंड थोपटून उभं असे आणि प्रत्येकाच्या पायात चौकोनी, जाड बूट असत, जणू सर्कशीतले पहिलवान फोटोसाठी रांगेत उभे केले आहेत. अशा अक्षरांत हळू काही बोलताच येत नाही. तरी लोक बोलायचे. एका दातांच्या डॉक्टरने पाटी लावली होती ‘अजिबात दुखणार नाही’, आणि ती वाचून माणसं रस्ता बदलायची. गाद्यांच्या दुकानाला ‘शांत झोप’ याच अक्षरांत हवी होती. तो स्वतः इतका हळू बोलायचा की ऑफिसात त्याचं नाव ‘ठळक’ पडलं होतं, आणि ते त्याला ऐकू जाईल अशा आवाजातच घेतलं जायचं. सगळ्या अक्षरांत एकच अक्षर वेगळं होतं. त्याचे बूट डोक्यावर होते. ते कोणतं अक्षर ते सांगण्यात अर्थ नाही. सांगितलं की वाचणारा पुढच्या प्रत्येक ओळीत तेच शोधत बसेल आणि गोष्ट राहील बाजूला. ऑफिसात त्याला ‘उलटा’ म्हणत, आणि हाक प्रसिद्ध झाला तो या उलट्यामुळेच. एका मासिकाने लिहिलं होतं की हा गुरुत्वाकर्षणाला दिलेला ठळक नकार आहे. बक्षीस घेताना त्याला विचारलं की हे सुचलं कसं, तेव्हा तो म्हणाला होता, ‘‘सुचलं.’’ खरं तर त्याला काहीच सुचलं नव्हतं. एका जुन्या पोस्टरवर ते तसं होतं, म्हणून त्याने ते तसं काढलं होतं.

‘‘अहो, ते उलटं लावताय तुम्ही,’’ तो शिडीखाली जाऊन म्हणाला. एकदा म्हणाला ते ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणाला.

‘‘उलटं आलंय म्हणून तर सुलटं लावतोय,’’ शिडीवाला पत्र्याचं अक्षर पोटाशी धरून म्हणाला.

‘‘ते तसंच असतं.’’

‘‘कोण म्हणतं?’’

‘‘मी काढलंय ते.’’

शिडीवाल्याने त्याला वरूनच डोक्यापासून बुटांपर्यंत पाहिलं. ‘‘काढताना कागद कुठल्या बाजूने धरला होता?’’ असं विचारून त्याने दोन स्क्रू पिळले आणि अक्षर आपल्या पायांवर उभं राहिलं.

आणि तेव्हा तो दोन पावलं मागे सरकला. दुकानाच्या नावाला आता काही अर्थ उरला नव्हता, पण तो नाव वाचतच नव्हता. उलटा सुलटा झाल्याबरोबर ते एक दुसरंच अक्षर दिसत होतं, आणि ते अक्षर तो चांगलं ओळखत होता. त्या अक्षरावर त्याने चार महिने घालवले होते. पोस्टरवर ते नव्हतंच, म्हणून ते त्याला मनाने काढावं लागलं होतं, आणि कितीही काढलं तरी ते बाकीच्यांत पाहुण्यासारखं उभं राहायचं, खुर्चीच्या कडेवर बसलेल्या पाहुण्यासारखं. शेवटी कंटाळून त्याने ते तसंच सोडून दिलं होतं. आणि आता तेच अक्षर, जसं व्हायला हवं होतं तसं, खांदे सैल, पाय घट्ट, पत्र्याचं, आठ फूट उंचीवर, एका शिडीवाल्याने दोन स्क्रूंत करून दाखवलं होतं. म्हणजे उलटा हा उलटा कधी नव्हताच. तो दुसऱ्या कुणाचा तरी सरळ होता. कुणीतरी त्याला पायांना धरून उलटं केलं होतं आणि नसलेल्याच्या जागी उभं केलं होतं, आणि हे सात वर्षांपूर्वी नव्हे, त्याच्याही बत्तीस वर्षं आधी झालं होतं. कुणी, ते त्याला माहीत होतं. त्या पोस्टरवर छपाई करणाऱ्याचं नाव खाली बारीक अक्षरात होतं आणि ते त्याच्या बाबांच्या प्रेसचं होतं.

अकरा वाजता दुकानदाराचा फोन आला. ‘‘तो म्हणतोय, तुमच्या माणसाचं कळत नाही, पण शिडीवाल्याचं पटतं,’’ मॅडम फोन ठेवून म्हणाल्या. ‘‘त्याला लेखी हवंय, कुठली बाजू वर. शुक्रवारपर्यंत ठरव. मला विचारशील तर सुधारून टाक.’’ शेजारच्या टेबलावर अंतरवाली बसायची. दोन अक्षरांमध्ये किती जागा सोडायची एवढंच तिचं काम होतं, आणि ती माणसांतही तसंच मोजून बसायची. ती मॉनिटरवरची नजर न काढता म्हणाली, ‘‘ठळक, खरं सांगू? त्याच्या आजूबाजूची जागा मला कधीच जमली नाही. कुठेही ठेवलं तरी ते तिथलं नाही असं वाटायचं.’’ तो म्हणाला, ‘‘सांगायचंस ना.’’ ती म्हणाली, ‘‘बक्षीस मिळालेल्या माणसाला काय सांगणार?’’

सुधारायला काहीच हरकत नव्हती. तीन तासांचं काम. पण पोस्टरवरचं ते अक्षर उलटं होतं म्हणजे पोस्टर चुकीचं होतं, आणि ते पोस्टर चुकीचं आहे असं म्हणायची त्याची तयारी नव्हती, कारण ते पोस्टर त्याच्याबद्दल होतं. त्यावर सगळ्यात वर, प्रेसमधल्या सगळ्यात मोठ्या लाकडी खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या अक्षरांत, ज्या खिळ्यांत एरवी सर्कस आणि सेल छापले जायचे त्यांत, छापलं होतं : हरवला आहे. खाली वय सहा, शर्ट निळा, पुढचा दात पडलेला, दिसल्यास प्रेसवर आणून सोडणे. बाबांनी दोनशे प्रती छापल्या आणि निम्म्या शहराच्या भिंतींवर लागल्यासुद्धा, आणि संध्याकाळी तो प्रेसमध्येच सापडला, कोऱ्या कागदाच्या कपाटात, रिमांच्या मागे. पुढे घरात हा विनोद झाला. पाहुणे आले की पोस्टर बाहेर निघायचं. लपाछपीचा डाव होता. एवढंच, की तो चालू आहे हे बाकी कुणाला माहीत नव्हतं. सुरुवातीला त्याला वाटलं होतं, कुणीतरी लगेच येईल. मग बाबांचा आवाज आला. बाबांचा आवाज मशिनवरून जाईल एवढा मोठा कमावलेला होता, आणि त्या आवाजात त्याचं नाव येत होतं, पुन्हा, पुन्हा, जिन्यावरून, रस्त्यावरून, परत दारातून. तो बाहेर आला नाही. भीतीने नाही. इतका वेळ कुणी त्याला कधी हाक मारली नव्हती, आणि ती थांबावी असं त्याला वाटेना. मग ती थांबलीच, आणि मशीन सुरू झालं. कपाटाचं दार प्रत्येक छापेगणिक थरथरायचं. आपण हरवल्याचं छापलं जातंय हे न कळता तो ते मोजत होता, आणि शंभरापुढचे आकडे येत नसल्यामुळे त्याने पुन्हा एकापासून सुरुवात केली होती. कपाटात कागदाचा गोडसर वास होता, रॉकेलचा होता, आणि त्याच्याबरोबर एक छोटंसं लाकडी स्टूल होतं, बाहुलीचं असावं तेवढं, ते त्याने मुठीत घट्ट धरलं होतं. हे स्टूल त्याला कायम आठवायचं. ताई म्हणायची, ‘‘आपल्याकडे कुठली रे बाहुलीची स्टुलं? बाहुलीच नव्हती.’’

बुधवारी दुपारी तो ताईकडे गेला. प्रेस बंद झाल्यापासून बाबा तिच्याकडे असत, मागच्या खोलीत, आणि खोलीचा अर्धा भाग खिळ्यांच्या खणांनी भरलेला होता. यंत्र विकलं, कागद विकला, पण लाकडी खिळे त्यांनी कुणाला हात लावू दिले नव्हते. ताईने दार उघडतानाच सांगितलं, ‘‘हळू बोलू नकोस हं, चिडतात. आणि मोठ्यानेही बोलू नकोस, खालचे चिडतात.’’ बाबांचे कान मशिनने खाल्ले होते. ते खिडकीत बसून एका खिळ्याला बोटाने तेल चोळत होते.

‘‘आलात का गुरुत्वाकर्षण?’’ बाबा म्हणाले. मासिकातलं ते वाक्य ताईने त्यांना वाचून दाखवलं होतं, तेव्हापासून ते त्याला असंच म्हणत.

त्याने पोस्टर उलगडून त्यांच्या मांडीवर पसरलं आणि त्या अक्षरावर बोट ठेवलं. ‘‘बाबा, हे उलटं आहे?’’

‘‘आहेच.’’

‘‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘मीच लावलं, मला माहीत नसणार?’’ बाबांनी पोस्टर डोळ्यांजवळ नेलं. ‘‘हा शेजारच्या घरातला, शेजारच्या कप्प्यातला. पायांना धरून उभा केला. मूळचा सापडेना. त्या मापात एकच होता आपल्याकडे.’’

‘‘शोधायचा ना.’’

‘‘पोरगं शोधू की खिळा?’’ बाबा इतक्या जोरात म्हणाले की खालच्यांनी छताला काठी ठोकली. ‘‘तुझी आई म्हणाली, हे असं कोण वाचेल. मी म्हटलं, ज्याला पोरगं दिसलंय त्याला वाचता येईल.’’

‘‘मग मी फॉन्ट केला तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत? सगळ्या शहरात लागलंय ते. सात वर्षं!’’

‘‘मला वाटलं तू मुद्दाम केलंस. बक्षीस मिळालं म्हटल्यावर वाटलं, आपणही मुद्दामच केलं असेल.’’ ते पुन्हा तेल चोळायला लागले. मग म्हणाले, ‘‘पोरगं सापडलं, खिळा नाही सापडला. निम्मं काम झालं म्हणायचं.’’

त्यांनी वाकून खालचा खण ओढला. त्यात पहिलवान रांगेने निजले होते, प्रत्येक आपल्या कप्प्यात, बूट एका बाजूला. मधला एक कप्पा रिकामा होता. उरलेल्या खणावर तेलाची चकाकी होती, पण रिकाम्या कप्प्याच्या तळाशी लाकूड अजून कोरं, फिकट होतं, आणि त्या फिकटपणाकडे पाहताना त्याचा उजवा हात आपोआप मिटला. तो का मिटला ते त्याला लगेच कळलं नाही. ताईने चहा आणला, तो त्याने डाव्या हाताने घेतला. ताई म्हणाली, ‘‘हाताला काय झालं रे?’’ तो म्हणाला, ‘‘काही नाही.’’ पण परत जाताना बसमध्ये उभ्याने, वरच्या कडीला धरून, तो त्या मुठीकडे पाहत राहिला, आणि त्याला दिसलं की मूठ कडीभोवती नाही, दुसऱ्याच कशाभोवती तरी मिटली आहे : एक आडवी जाड फळी, तिला खाली दोन पाय, पायांना चौकोनी ठोकळे. अंगठ्याखाली एक टवका. जमिनीवर ठेवलं तर न पडता उभं राहायचं, म्हणून तर त्याने ते खणातून उचललं होतं. बाकीची सगळी आडवी पडायची, ते एकटं उभं राहायचं, स्टुलासारखं. सहा वर्षांच्या मुलाला आरशातली अक्षरं कुठून वाचता येणार? लाकडावर अक्षर नेहमी उलट बाजूचं असतं, छापल्यावर ते सरळ होतं. त्याने अक्षर चोरलं नव्हतं, स्टूल घेतलं होतं. पण बाबा बाहेर ओरडत होते ते ज्या मुलासाठी, त्याच मुलाच्या मुठीत त्यांना कमी पडलेला खिळा होता, एका कपाटाच्या दाराएवढ्या अंतरावर, आणि तो तिथे बसून छापे मोजत होता.

कंडक्टर म्हणाला, ‘‘दादा, शेवटचा स्टॉप.’’ तो उतरला आणि त्याच बसमध्ये परत चढला.

मग पुढचं आठवायचं नाही म्हटलं तरी आठवत गेलं. दार उघडलं, उजेड आला, बाबांनी त्याला शर्टाला धरून बाहेर ओढलं आणि छातीशी आवळलं, आणि निळ्या शर्टावर पाठीमागे दोन काळे हात उमटले, दहाही बोटं स्वच्छ, चांगला छाप. आई रडत होती, ताई हसत होती, आणि बाबांचा आवाज गेला होता. दोन दिवस ते खुणांनी बोलले. त्याला वाटलं, आवाज आपण घेतला. खिशात स्टूल होतं आणि आवाज बहुतेक त्याच्यातच अडकला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मागच्या खिडकीतून ते खाली टाकलं. खाली शेजारच्या इमारतीच्या खांबांसाठी खड्डे खणले होते, माणसाच्या उंचीचे, चौकोनी, ओळीत. ते एका खड्ड्यात पडल्याचा आवाज आला नाही. दुपारी तिथे सिमेंट ओतलं. संध्याकाळी बाबांचा आवाज थोडा परत आला, त्यामुळे आपण बरोबरच केलं याची त्याला खात्री पटली आणि तो सगळं विसरला, फक्त बाहुलीचं स्टूल तेवढं न विसरता. त्या खड्ड्यांवर पुढे गाड्या ठेवायची तीन मजली इमारत उभी राहिली. खांबांना आकडे आहेत. प्रेसची मागची खिडकी जिथे होती, त्यासमोर सात नंबर येतो. तो तिथे उतरून पाहून आला. खांबाला हात लावला. गार होता. एक बाई आपली गाडी मागे घेत होती, तिने काच खाली करून विचारलं, ‘‘तुम्ही निघताय का?’’ तो म्हणाला, ‘‘नाही, मी आत्ताच आलो.’’

गुरुवारी तो कुणाशी बोलला नाही, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याने डोळे मिटून, पोस्टर न बघता, हाताला आठवेल तसं काढलं. टवक्यासकट. मग आठवलं की हाताला आठवतंय ते लाकूड, म्हणजे आरशातलं, म्हणून सगळं डावं-उजवं बदललं. पाचव्या खेपेला ते पडद्यावर उभं राहिलं आणि त्याच्याकडे बघायला लागलं. उलट्याला त्याने पायांवर उभं केलं आणि त्याच्या खऱ्या घरी पाठवलं. चार महिने खर्चून काढलेला पाहुणा पुसून टाकला. अंतरवाली पाणी प्यायला उठली होती ती मागे थांबली. ‘‘हे कोण?’’ तिने विचारलं. मग तिने त्याच्या शेजारी एक अक्षर ठेवलं, दुसरं ठेवलं, जागा थोडी कमी केली, थोडी वाढवली. ‘‘बसलं की,’’ ती म्हणाली, आणि तिने पहिल्यांदाच आपली खुर्ची त्याच्या जवळ ओढली, मोजून नाही, अशीच.

शुक्रवारी सकाळी त्याने ते कागदावर छापून नेलं, खणातल्या कप्प्याच्याच मापात, आणि बाबांच्या हातात दिलं. जिन्यात त्याने तीन वाक्यं तयार केली होती. तिन्ही मोठ्या आवाजात म्हणण्यासारखी नव्हती, आणि हळू म्हटलेलं बाबांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तो नुसता उभा राहिला. बाबांनी कागदावर अंगठा फिरवला. टवक्यापाशी अंगठा थांबला.

‘‘हा आपला,’’ बाबा म्हणाले.

बाबांनी कागद मांडीवर ठेवला.

‘‘कपाटात होता ना?’’

त्याने मान हलवली. मग त्याला वाटलं, मान हलवणं बाबांना दिसलं नसेल, म्हणून तो म्हणाला, ‘‘माझ्या मुठीत होता.’’ त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते खूपच मोठ्याने आलं. खालून काठी ठोकली गेली.

‘‘मला वाटलंच,’’ बाबा म्हणाले. ‘‘दोन गोष्टी एका दिवशी हरवल्या की एकीच्या खिशात दुसरी असायची, एवढं कळतं मला.’’

‘‘मग तेव्हाच विचारलं का नाहीत?’’

बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, आणि त्यांनी हे इतकं हळू म्हटलं की आपण अशा आवाजात बोलू शकतो हे त्यांनाही माहीत नसावं : ‘‘विचारलं असतं तर पुन्हा कपाटात जाऊन बसला असतास.’’

स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, ‘‘काय म्हणताय तुम्ही दोघं? काही ऐकू येत नाहीये.’’ ती धावत आली, कारण त्या खोलीत कधी शांतता झाली नव्हती आणि तिला वाटलं, काही बरंवाईट झालं. बाबांनी कागद नीट घडी करून त्याला परत दिला. ‘‘छान काढलंस,’’ ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. ‘‘पण कागदावरचं मला काय करायचंय? त्याचा कप्पा रिकामा आहे. वस्तू आण.’’

त्यानंतर चार वाजून दहा मिनिटांनी काही झालं नाही हे आपलं ठरलेलंच आहे. बिस्किटं संपल्यावर, म्हणजे न संपल्यावर, तो आपल्या टेबलापाशी बसला आणि त्याने एक अर्ज लिहायला घेतला. हाक त्याने आठच्या मापात लावला, नियम मोडून. इतक्या लहान मापात ती अक्षरं एकमेकांना खेटून, बूट अडकवून, भरलेल्या कपाटात मुलं बसावीत तशी बसली, आणि पहिल्यांदाच, जरा दम धरून वाचलं तर, हळू बोलली.

प्रति, प्रमुख अधिकारी, वाहनतळ व पाया विभाग.
विषय : खांब क्रमांक सात उचलण्याबाबत.

महोदय,
वरील खांबाखाली माझ्या वडिलांच्या मालकीचा लाकडी खिळा, नग एक, डावीकडे टवका, माझ्या हातून राहिला आहे. तरी सदर खांब कामकाजाच्या कोणत्याही दिवशी दहा मिनिटांकरिता उचलून धरण्यात यावा. वर उभ्या असलेल्या वाहनांना त्रास होणार नाही याची मी काळजी घेईन. तसेच सदर खिळा मागील तारखेने, म्हणजे छपाई सुरू होण्यापूर्वी, प्रेसमध्ये जमा करून घेण्यात यावा आणि त्या वेळी कपाटाचे दार मी आतून उघडले अशी नोंद व्हावी. हाका मारणे मात्र मूळ वेळेपर्यंत चालू ठेवावे, ही नम्र विनंती.